क्षयरोग-एचआयव्ही : सांध्यावरचे प्रशिक्षण

क्षयरोग आणि एचआयव्ही एकाच शरीरात आले की दोन्हींचे उपचार एकमेकांकडे पाठ करून चालवता येत नाहीत. रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचे कणा म्हणावा असे औषध. ते यकृतातील विकरांना चेतवते आणि हे विकर एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्रॅव्हिरचा निचरा भराभर करतात. म्हणून डोल्युटेग्रॅव्हिर असलेल्या नेहमीच्या ‘टीएलडी’ गोळीखेरीज बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते, आणि ती रिफाम्पिसिन थांबल्यावरही पुढे दोन आठवडे चालू ठेवावी लागते. ही जादा गोळी राहून गेली तर रुग्णाला त्या दिवशी काहीच जाणवत नाही. विषाणूला मात्र डोके वर काढायला वाव मिळतो.

आरोग्य कर्मचाऱ्यांना या विषयाचे जे शिक्षण द्यावे लागते, त्यातला बराचसा भाग असा सांध्यावरचा आहे. निदानापासूनच फरक पडतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सहसा कमी दिसतात आणि आजार फुप्फुसाबाहेरही असू शकतो. त्यामुळे एचआयव्हीबाधिताला दोन आठवडे खोकला होण्याची वाट पाहायची नसते. खोकला, ताप, वजनातली घट किंवा रात्रीचा घाम यांपैकी एक लक्षण कितीही दिवसांचे असले तरी तपासणी करायची, शक्यतो सीबीनॅटसारखी रेणवीय. क्षयरोगाचे औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू करायची. मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग असेल तर मात्र चार ते आठ आठवडे थांबायचे. एआरटी लागू पडल्यावर जागी झालेली प्रतिकारशक्ती काही वेळा जंतूंवर इतक्या जोराने तुटून पडते की ताप वाढतो, गाठी सुजतात. औषध लागू पडत नाही असे वाटून रुग्ण ते सोडतो तो नेमका इथे. हे आधीच सांगून ठेवणारा समुपदेशक इथे डॉक्टरइतकाच महत्त्वाचा असतो.

मुंबईत याला औषधरोधाची जोड आहे. डिसेंबर २०११ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी जवळपास कुठलेच औषध लागू न पडणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण नोंदवले आणि शहराचे नाव जगभर गाजले. औषधरोधी क्षयरोगात बेडाक्विलिन द्यायचे असेल तर एफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीवरचे औषध त्याची रक्तातली पातळी घटवते. क्षयरोगावरचे लिनेझोलिड आणि एचआयव्हीवरचे झिडोव्हुडिन दोन्ही रक्तनिर्मितीवर घाला घालतात, म्हणून ती जोडी शक्यतो टाळायची. गोवंडीत ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या संस्थेने दोन्ही आजार असलेल्या औषधरोधी रुग्णांवर बरीच वर्षे उपचार केले. असे रुग्ण एका साध्या दवाखान्यात वर्षाकाठी मोजकेच येतात. एकट्या डॉक्टरला अनुभवातून शिकायला ते पुरेसे नाहीत, म्हणून प्रशिक्षण लागते.

बोरिवली किंवा मुलुंडच्या दवाखान्यातला माणूस परळ-शिवडीकडच्या प्रशिक्षणाला गेला की लोकलच्या प्रवासासकट दिवस संपतो आणि तिकडे ओपीडी ओस पडते. हा दिवस वाचतो, ही ऑनलाइन शिक्षणाची पहिली सोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या भारतातील कार्यालयाने ‘स्वस्थ ई-गुरुकुल’ हा पाठ्यक्रमांचा मंच उभारला. पण केवळ चित्रफिती पाहून प्रश्नावली भरणे हे प्रशिक्षणाचे सर्वांत दुबळे रूप. त्यातून नियम कळतो, निर्णय घेणे जमतेच असे नाही.

त्याहून उपयोगी ठरते ती ‘इको’ पद्धत. न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी हिपॅटायटिस ‘सी’साठी ती सुरू केली. पुढे भारतात एचआयव्ही आणि क्षयरोगासाठीही ती वापरली गेली. ठरावीक वेळी तज्ज्ञांचा गट आणि दूरदूरचे दवाखाने पडद्यावर जमतात. व्याख्यान थोडक्यात आवरते आणि उरलेला वेळ दवाखान्यांनी आणलेल्या खऱ्या रुग्णांना जातो. अंधेरीतल्या डॉक्टरने मांडलेल्या रुग्णाची चर्चा घाटकोपरचा डॉक्टरही ऐकतो, आणि पुढच्या महिन्यात तसाच रुग्ण घाटकोपरला आला तर उत्तर तयार असते. पंधरवड्याने तोच रुग्ण पुन्हा मांडायला लावला तर सल्ला पाळला गेला का, तेही कळते. एरवी सहसा हा पाठपुरावाच सर्वांत आधी गळतो.

खरे रुग्ण मांडण्यातच अडचणही आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार रुग्णाची ओळख त्याच्या संमतीखेरीज सहसा उघड करता येत नाही. म्हणजे कोपऱ्यात नाव छापलेला एक्स-रे पडद्यावर दाखवायचा नाही, केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही. वय आणि तपासण्यांचे आकडे तेवढे द्यायचे. काही गोष्टी मात्र पडद्यावर शिकवताच येत नाहीत. एन-९५ मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला की नाही, रुग्ण आणि कर्मचारी यांच्यात वाऱ्याची दिशा कोणती, चाळीच्या वऱ्हांड्यात भरणाऱ्या ओपीडीत खोकणाऱ्याला कुठे बसवायचे, हे त्या जागी जाऊनच दाखवावे लागते. म्हणून ऑनलाइन वर्गाबरोबर दवाखान्याची प्रत्यक्ष पाहणी जोडलेली असेल, तरच तो कार्यक्रम पूर्ण धरायचा.