पहिली वेबसाइट चढवताना : नाव, जागा आणि किल्ली आपल्याच हाती ठेवा



लागणीचे दिवस जवळ आले की रोपांसाठी फोन सुरू होतात. "को ८६०३२ आहे का? २६५ ची रोपं किती दिवसांची? ट्रे परत द्यायचा का?" एकच माहिती दिवसातून पन्नास वेळा सांगावी लागते. म्हणून आता रोपवाटिका चालवणारे सभासद, त्यांची मुले-सुना विचारू लागले आहेत की आपली एक वेबसाइट असावी, पण ती इंटरनेटवर चढवायची कशी? या लेखात तेच सांगावयाचे आहे. पण आधी आमच्या घरची गोष्ट ऐका, म्हणजे पुढचे सारे का सांगतो आहे ते ध्यानात येईल.

मार्च २०२१ मध्ये आम्ही आमच्या रोपवाटिकेची वेबसाइट एका होतकरू मुलाकडून करून घेतली. काम चांगले झाले. तो पत्ता आम्ही फाट्यावरच्या फलकावर रंगवला, बिलबुकावर छापला, टेम्पोवरही लिहिला. दोन वर्षे ठीक चालले. पुढे तो मुलगा नोकरीला लागून शहरात गेला, त्याचा नंबर बदलला. मार्च २०२३ मध्ये वेबसाइटच्या नावाची मुदत संपली. तशी सूचना आली होती, पण ती त्याच्या जुन्या ईमेलवर. मार्चमध्ये रोपांना गिऱ्हाईक नसते, त्यामुळे वेबसाइट बंद पडल्याचे आमच्या कुणाच्या ध्यानातच आले नाही. जूनमध्ये, ऐन आडसालीच्या तोंडावर, एका गिऱ्हाइकाने सांगितले की तुमच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसतेय. चौकशी केली तर ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतले होते. फलकावर पांढरा रंग मारून नवे नाव लिहावे लागले.

त्या मुलाने फसवले असे मी म्हणणार नाही. जमीन आमची, पीक आमचे आणि सातबारा त्याच्या नावावर, असा कारभार आम्हीच करून ठेवला होता. पुढे पुतण्याने तीन संध्याकाळी बसून स्वतःच नवी वेबसाइट चढवली. तो काय शिकला ते आपणांपुढे ठेवतो.

वेबसाइट म्हणजे काय?

वेबसाइट म्हणजे तीन वस्तूंचा मेळ. पहिली वस्तू नाव, म्हणजे लोक जो पत्ता टाईप करतात तो. यास डोमेन म्हणतात. दुसरी जागा, म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या संगणकावरचा भाड्याचा कोपरा. यास होस्टिंग म्हणतात आणि त्या संगणकास सर्व्हर. तिसरी वस्तू म्हणजे आपल्या फायली, त्यात मजकूर आणि फोटो. नाव एकीकडून घेतले, जागा दुसरीकडे घेतली तरी चालते. या तिन्हींची जोडणी झाली की वेबसाइट दिसते. तिन्हींपैकी एक जरी तुटले तरी ती बंद पडते.

ही विद्या फार जुनी नाही. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ही पद्धत बसवली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती बाहेरच्या लोकांना सांगितली. एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांना मोफत खुली केली, म्हणून आज कुणाची परवानगी न घेता आपण वेबसाइट काढू शकतो. आपल्या देशात सामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सहकारी संस्थांना बरोबर घेऊनच उभा राहिला होता. तेव्हा ऊसवाल्यांचे हे काम नव्हे, असे कुणी समजू नये.

१) नाव घेणे

नाव विकणाऱ्या नोंदणी कंपन्या अनेक आहेत. नाव लहान, फोनवर सांगता येईल असे आणि एकाच तऱ्हेने लिहिता येईल असे निवडावे. शेवटी 'डॉट कॉम' लावता येते किंवा आपल्या देशाचे 'डॉट इन' लावता येते. 'डॉट इन' सन २००५ पासून सर्वांना सहज मिळू लागले. देवनागरीतले 'डॉट भारत' २०१४ पासून मिळते.

नाव विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा स्वस्त दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी तो वाढतो, म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच पाहावा.

आता मुख्य गोष्ट. खाते उघडताना ईमेल आपला, मोबाईल आपला आणि मालक म्हणून नाव आपले घालावे. काम दुसऱ्याकडून करून घेत असलात तरी त्याला आपल्याशेजारी बसवून आपल्या खात्यातच नाव घ्यावे. 'डॉट कॉम'सारखे नाव नोंदले की ईमेल पडताळणीची चिठ्ठी येते. तिच्यातील दुव्यावर १५ दिवसांत टिचकी मारली नाही, तर चालू वेबसाइटही बंद होऊ शकते. 'डॉट इन'साठी ओळखीचा पुरावा मागतात, तो वेळेवर द्यावा.

मुदत संपली तर काय होते तेही माहीत असावे. 'डॉट कॉम' नावाला मुदतीनंतर जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दराने सवलत मिळू शकते. काही कंपन्या याहून कमी दिवस देतात. त्यानंतर ३० दिवस मोठा दंड भरून नाव सोडवता येते. शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते नाव जो आधी घेईल त्याचे. आमचे मार्चमध्ये सुटलेले नाव जूनमध्ये दुसऱ्याकडे कसे गेले, याचा हिशेब इथे लागतो.

२) जागा घेणे

चार-दोन पानांच्या वेबसाइटला सर्वांत लहान जागा पुरते. विकणारा "अनलिमिटेड" म्हणतो म्हणून मोठी योजना घेऊ नये. नुसते शिकावयाचे असेल तर गिटहब पेजेससारख्या सेवेवर साधी पाने फुकट चढवून हात बसवता येतो. धंद्यासाठी मात्र भाड्याची जागा घ्यावी.

जागा घेतली की ईमेलवर चार गोष्टी येतात : होस्ट म्हणजे सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट. हीच आपल्या कोपऱ्याची किल्ली. ती जपून ठेवा.

३) फायली तयार करणे

पहिल्या वेळी एकच पान करावे. रोपवाटिकेचे नाव, गाव, फोन, जाती, रोपांचे वय, दर आणि दोन फोटो, एवढे पुष्कळ झाले. पान एचटीएमएल या साध्या खुणांच्या भाषेत लिहितात. ते नोटपॅडमध्येही लिहिता येते. मात्र चार ठिकाणी नवशिक्याचा पाय घसरतोच :

पहिले, मुख्य पानाच्या फायलीचे नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असेच पाहिजे, तेही इंग्रजी लहान अक्षरांत. कुणी आपला पत्ता उघडला की सर्व्हर याच नावाची फाईल शोधतो. "होम" किंवा "माझी वेबसाइट" असे नाव दिले तर त्याला ती सापडत नाही.

दुसरे, नोटपॅड आपण न सांगता नावामागे 'डॉट टीएक्सटी' हे शेपूट जोडते आणि विंडोज ते लपवते. आपल्याला नाव बरोबर दिसते, पण ते खरे बरोबर नसते. फाईल जतन करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडावा.

तिसरे, मराठी अक्षरांऐवजी चौकोन किंवा विचित्र खुणा दिसल्या तर घाबरू नये. फाईल 'यूटीएफ-८' प्रकारात जतन करावी आणि पानाच्या डोक्यात तसे सांगणारी एक ओळ घालावी.

चौथे, फोटोंच्या नावात मोकळी जागा किंवा मोठी अक्षरे ठेवू नयेत. घरच्या विंडोज संगणकाला लहान-मोठे अक्षर सारखेच, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना ते वेगळे वाटते. म्हणून घरी दिसणारा फोटो तिकडे गेल्यावर गायब होतो. मोबाईलवरचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो दोन-तीनशे केबीपर्यंत आणावा. वस्तीवर रेंज कमी असते, जड पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.

४) फायली चढवणे

याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे होस्टिंग कंपनीच्या खात्यात जाऊन 'फाइल मॅनेजर' उघडणे. तिथे 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा फोल्डर असतो. त्याच्या आत जाऊन 'अपलोड' करावे. फोल्डरच्या बाहेर टाकलेली फाईल लोकांना दिसत नाही. खूप फायली झिप करून चढवल्या असतील, तर उलगडल्यावर त्या आणखी एका आतल्या फोल्डरात गेल्या नाहीत ना, ते पाहावे.

दुसरा मार्ग म्हणजे फाइलझिला हा मोफत प्रोग्राम. त्यात होस्ट, युजरनेम, पासवर्ड, पोर्ट भरले की डावीकडे आपला संगणक आणि उजवीकडे सर्व्हर दिसतो. डावीकडची फाईल उजवीकडे ओढली की चढली. इथे जुनी एफटीपी पद्धत टाळावी, कारण तिच्यात पासवर्ड उघडाच जातो. कंपनी देत असेल तर एसएफटीपी वापरावी. तिचा पोर्ट बहुधा २२ असतो.

५) नाव आणि जागा जोडणे

फायली चढल्या तरी नाव टाईप केल्यावर वेबसाइट दिसणार नाही, कारण नावाला अजून जागा माहीत नाही. होस्टिंग कंपनी दोन 'नेमसर्व्हर' देते. ते नावाच्या खात्यात जाऊन भरावयाचे. मग जगभरची नोंदवही, म्हणजे डीएनएस, लोकांना आपल्या सर्व्हरकडे पाठवू लागते. या वहीच्या नकला ठिकठिकाणी साठवलेल्या असतात, म्हणून बदल काही मिनिटांत दिसेल किंवा ४८ तासही लागतील. शेजारच्या मोबाईलवर दिसतेय आणि आपल्यावर नाही, असेही होते. तेवढा काळ दम धरावा, पुन्हापुन्हा बदल करू नये.

शेवटी प्रमाणपत्र. ते नसेल तर ब्राउझर पत्त्याशेजारी "नॉट सिक्युअर" असे लिहितो आणि गिऱ्हाईक बिचकते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीपासून ही प्रमाणपत्रे सर्वांना मोफत देते. पुष्कळ होस्टिंग कंपन्यांत ते एका बटणावर चालू होते. त्याची मुदत थोडी असते, म्हणून आपोआप नूतनीकरण चालू आहे ना, ते पाहून ठेवावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : बदल केला, पण जुनेच पान दिसते?
उत्तर : ब्राउझरने जुनी नक्कल साठवलेली असते. पान ताजे करा, किंवा दुसऱ्या मोबाईलवर पाहा.

प्रश्न : '४०४' असे दिसते?
उत्तर : सर्व्हर सापडला, फाईल सापडली नाही. फाईलचे नाव आणि फोल्डर तपासा.

प्रश्न : '४०३' असे दिसते?
उत्तर : बहुधा त्या फोल्डरात 'इंडेक्स' फाईलच नाही, किंवा तिला वाचण्याची परवानगी नाही.

प्रश्न : "आपल्या नावाची मुदत संपतेय, ताबडतोब पैसे भरा" असा ईमेल आला तर?
उत्तर : त्यातल्या दुव्यावरून पैसे भरू नका. आपण स्वतः नोंदणी कंपनीच्या खात्यात जाऊन तारीख पाहा. बनावट चिठ्ठ्या पुष्कळ येतात.

प्रश्न : वेबसाइटवर काय टाकू नये?
उत्तर : आधार, सातबारा, बँक पासबुक यांचे फोटो कधीही टाकू नयेत. चढवलेली वस्तू सारे जग पाहते आणि काढली तरी तिच्या नकला राहतात.

वेबसाइट दुसऱ्याने केली असेल तर

काही सभासदांच्या वेबसाइट आधीच चालू आहेत. त्यांनी करणाऱ्याला आजच चार गोष्टी विचाराव्यात. नाव कोणत्या कंपनीत, कोणत्या ईमेलवर आहे? मुदत कधी संपते? होस्टिंगचे खाते कोणाचे? फायलींची एक प्रत आम्हाला पेन ड्राइव्हवर मिळेल का? नाव त्याच्या खात्यात असेल तर ते आपल्या खात्यात बदलून घ्यावे. संबंध गोडीचे आहेत तोवरच हे काम सोपे असते.

आणि एक वही घाला. ऊस बिलाच्या पावत्या जिथे ठेवता तिथेच ती ठेवा. तिच्यात नाव, कंपनी, ईमेल, मुदतीची तारीख आणि होस्टिंगची तारीख लिहा. मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने खुणावा. पासवर्ड मात्र वेगळा, घरातल्या दोन विश्वासू माणसांना ठाऊक असा ठेवा. एकाच माणसाला ठाऊक असलेली किल्ली तो माणूस नसला की सर्वांना बंद होते.

आमच्या फलकावर आजही ऊन पडले की पांढऱ्या रंगाखालून जुने नाव पुसटसे दिसते. येणारे-जाणारे विचारतात, ते काय लिहिलंय? मी त्यांना हीच हकीकत सांगतो. आपणांवर ती वेळ येऊ नये, म्हणून ती आज इथे सांगितली. घरातील शिकल्या-सवरल्या मुला-मुलींना हा अंक वाचावयास द्यावा आणि पहिले पान त्यांच्याकडून आपल्यासमोर चढवून घ्यावे, ही विनंती.