घंटा, ओटा आणि मांडव

निगडी असो, आकुर्डी असो की चाकण, महाविद्यालयातला वक्तृत्व स्पर्धेचा दिवस सगळीकडे सारखाच उजाडतो. जिन्यात पोरं भिंतीकडे तोंड करून भाषण घोकत असतात. कुणी गरम पाण्याची बाटली जवळ ठेवतं, कुणी तळहातावर मुद्दे लिहितं. सुरुवात ‘सन्माननीय व्यासपीठ’ने होते, वेळ संपत आल्याची एक घंटा वाजते आणि पाठोपाठ शेवटची. परीक्षकांच्या कागदावर मांडणी, उच्चार, हावभाव असे रकाने असतात. विषय हुंडा, जातपंचायत, इंद्रायणीवरचा फेस. ‘हे चित्र बदललंच पाहिजे’ला हमखास टाळ्या. संध्याकाळी फिरता करंडक हातात घेऊन फोटो निघतो आणि जातपंचायत होती तिथेच असते.

या हौसेला पुण्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेल्या संस्थेचं नावच मुळी ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’. तिची वसंत व्याख्यानमाला आजही भरते. अलीकडे जोडीला टेडएक्स आलं. २००९ पासून जगभर पसरलेल्या या कार्यक्रमात वक्त्याला फार तर अठरा मिनिटं मिळतात. कॉलर माइक, अंधारलेलं सभागृह, गोल लाल गालिचा. व्यासपीठ बदललं, श्रोता मात्र तसाच राहिला: ऐकायला म्हणूनच आलेला, वक्त्याच्या घरचा नसलेला.

गावातला श्रोता वेगळा. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर हा तिचा साचा. खेड-मावळातल्या गावांत अशी शिबिरं हिवाळ्यात लागतात. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री मारुतीच्या देवळापुढे पथनाट्य. समोर म्हाताऱ्या, शेंबडी पोरं आणि कडेला कंपनीच्या बसमधून नुकताच उतरलेला, खांद्याला डब्याची पिशवी असलेला कंत्राटी कामगार. इथे घंटा वाजत नाही. पण हुंड्यावरचं नाटक संपलं की एखादी आजी विचारतेच, “तुझ्या भावाच्या लग्नात काय घेतलं रे?” या प्रश्नाला गुणपत्रिकेत रकाना नाही.

तो प्रश्न मुंबईच्या पोरांना पावणेदोनशे वर्षांपूर्वीच भेटला होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, लोकांसाठी व्याख्यानं देत. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेही याच साली. १८४९ मध्ये बेहरामजी गांधी यांनी सोसायटीत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तो टाळ्यांवर संपला नाही. सभासदांनी आपल्या सकाळी देऊ केल्या आणि मुलींना फुकट शिकवायला सुरुवात झाली. त्यात चोविशीतले दादाभाई नौरोजी होते. घरोघर जाऊन ‘तुमच्या ओट्यावर बसून मुलींना शिकवू द्या’ अशी विनवणी आपण करत होतो, आणि काही संतापलेल्या बापांनी पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी दिली होती, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं आहे. पहिल्या वर्गांत ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. धमकी देणारे बाप परके नव्हते. ती त्यांच्याच समाजातली, ओळखीपाळखीतली माणसं होती.

आपल्या माणसांपुढे बोलण्याची हीच अडचण पुढेही दिसते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, आणि ही चौकट टिकावी म्हणून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांतून बाईवर पहारा बसवला गेला, अशी त्यांची मांडणी होती. वर्षभराने निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापूनही आला. पण हाच धागा पुढे नेणारं भाषण १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलं, तेव्हा यजमान हबकले. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषदच रद्द झाली आणि न दिलेलं भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं. परदेशातल्या वर्गात जे बोलता आलं, ते इथल्या सुधारकांच्या मंचावर बोलता आलं नाही.

बाईवरच्या त्या पहाऱ्याची गोष्ट २०१७ मध्ये पिंपरीच्या भाटनगरापर्यंत आली.

कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री वधूची कौमार्य परीक्षा घेण्याची रीत होती. पांढरी चादर, खोलीबाहेर ताटकळणारी माणसं, आणि मग पंचांपुढे वराला विचारला जाणारा प्रश्न. या समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलिसांचा भरवसा नसलेल्या माणसांना पंचायत हाच आधार वाटला, तर त्यात नवल नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकणारा विवेक तमायचीकर हा याच समाजातला. ही रीत खासगीपणाच्या अधिकाराचा भंग आहे, असं तो उघड बोलू लागला आणि समाजातल्या तरुण-तरुणींचा ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ हा व्हॉट्सॲप गट उभा राहिला. मुली स्वतःच्या नावाने लिहू लागल्या.

जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीतल्या एका लग्नात या गटातल्या तिघा तरुणांना मारहाण झाली. मारणारेही वऱ्हाडीच होते. गुन्हा नोंदवला गेला, बातमी देशभर गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विवेकने पिंपरीच्याच मुलीशी लग्न केलं, परीक्षेविना.

पुढे सरकारही हललं. कौमार्य परीक्षा हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानला जाईल, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केलं. त्याआधी, जुलै २०१७ पासून, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू झाला होता: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून चालवलेल्या ‘जातपंचायतीला मूठमाती’ अभियानाने त्याची जमीन तयार केली होती. मात्र कायदा वापरायचा तर तक्रारीखाली कुणीतरी सही करावी लागते, आणि आरोपींच्या यादीत शेजारी निघतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये, नवरात्रात, भाटनगरात दांडिया रंगला होता. विवेकची नववधू माहेरच्या त्या वस्तीत खेळायला उतरली आणि तिला रोखण्यात आलं. तिने पिंपरी पोलिसांकडे तक्रार दिली आणि याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्या रात्री ती भाषण करायला गेली नव्हती. तिच्या हातात फक्त टिपऱ्या होत्या.