एक्स-रेत न दिसणारा काटा

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात करवंदाच्या जाळीत हात घालताना किंवा बांबू तोडताना काटा-ढलपी हातात खोल शिरून आतच मोडते. अशा वेळी ‘एक्स-रे साफ आला, म्हणजे आत काही नाही’ हा समज सर्वांत महाग पडतो. वस्तू किरणांना किती अडवते, त्यावर ती दिसणं अवलंबून असतं. सुई, तार, छर्रा ठळक दिसतात. काच दिसत नाही असं सर्रास म्हणतात, पण दोन मिलिमीटरहून मोठा तुकडा बहुधा दिसतोच. लाकूड आणि काटा मात्र भोवतालच्या मांसात मिसळून जातात. सोनोग्राफीत तीच ढलपी चकाकत्या रेघेसारखी, मागे सावली टाकताना सापडते. म्हणून काय घुसलं, हे डॉक्टरांना सांगणं तपासणीइतकंच मोलाचं आहे.

‘पू होऊन आपोआप बाहेर येईल’ हे कातडीलगतच्या काट्याबाबत कधीकधी खरं ठरतं. खोलवरचं लाकूड जंतूंना आसरा देतं. अँटिबायोटिकने जखम सुकते आणि गोळ्या संपल्या की पुन्हा वाहू लागते. असं महिनोन्‌महिने चालतं. मग डॉक्टर एखादा छर्रा आतच का ठेवतात? धातूचा तुकडा त्रास न देता जन्मभर राहू शकतो आणि तो शोधण्यासाठी केलेली चिरफाडच जास्त इजा करू शकते. सांध्यातलं शिसं मात्र काढावं लागतं, कारण तिथल्या द्रवात ते विरघळून रक्तात उतरतं.

एवढ्याशा काट्यासाठी मजुरी बुडवून मोठ्या दवाखान्यात कशाला जायचं, हा आक्षेप पोकळ नाही. तालुक्याच्या ठिकाणी जाण्यातही दिवस मोडतो. पण दंडाच्या आतल्या बाजूने मुख्य धमनी आणि बोटांना चालवणाऱ्या नसा शेजारी-शेजारी जातात. घरी सुईने उकरताना रक्त भरतं, काही दिसत नाही आणि तुकडा आणखी आत सरकतो. शल्यचिकित्सक हात बधिर करतात, गरजेनुसार पट्टा आवळून रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवतात, म्हणून त्यांना नस ओळखून वाचवता येते. प्रत्येक तुकडा त्याच दिवशी काढावा लागतो असंही नाही. बोटं बधिर झाली, वळेनाशी झाली किंवा रक्त उसळत असेल, तर मात्र थांबू नये. बाहेर डोकावणारी मोठी वस्तू उपसू नका; ती हलणार नाही अशी बांधा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, पण त्याने आतला तुकडा जात नाही. मोडलेल्या काट्याचा उरलेला भाग हाती असेल, तर तो फेकू नका. सोबत घेऊन शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात दाखवा.