कानातला दुसरा पडदा

कानाला पडदा असतो, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्या पडद्याच्या आतली हवेची छोटी पोकळी ओलांडली, की आणखी एक पडदा लागतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अंतोनिओ स्कार्पा यांनी 1772 साली त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याला 'दुसरा पडदा' असेच म्हटले. आज या पडद्याविषयी बोलायचे आहे. कारण कान फुटला, वाहू लागला, की घरोघरी जे उपाय सुरू होतात त्यांचे भलेबुरे या पडद्यापाशीच ठरते.

हा पडदा कशासाठी, ते आधी पाहू. बाहेरच्या पडद्यावर आवाज आदळला, की हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे हलतात. रिकीब आतल्या कानाच्या लंबगोल खिडकीत बसलेली असते. आतला कान म्हणजे हाडाच्या शंखात भरलेला द्रव. आता बाटली पाण्याने काठोकाठ भरा, बूच लावा आणि ते आणखी आत दाबून पाहा. बूच हलणार नाही, कारण पाणी दाबले जात नाही. मग रिकीब तरी कशी हलावी? त्यासाठीच शंखाला दुसरी, गोल खिडकी ठेवलेली आहे आणि तिच्यावर हा लवचीक पडदा ताणलेला आहे. रिकीब आत गेली की हा बाहेर फुगतो, ती मागे आली की हा आत जातो.

माणसाच्या कानात या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे 2 चौरस मिलिमीटर आणि जाडी सुमारे 0.07 मिलिमीटर असते. म्हणजे वहीच्या एका पानाएवढी. तेवढ्यातही तीन थर आहेत. मधल्या कानाकडच्या थरातील पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. मधला थर तंतूंचा. त्यातच रक्तवाहिन्या असतात आणि पडद्याचे बळही त्याच थरात असते. आतल्या द्रवाकडचा थर मात्र पातळ आणि सैल, पेशींमध्ये फटी असलेला.

म्हणजे ही भिंत पक्की नाही. उन्हाळ्यातला माठ आठवा. दिसतो घट्ट, पण पाणी त्यातून झिरपतेच. या पडद्यातून काय झिरपेल, हे पदार्थाच्या कणांचा आकार, त्यांचा विद्युतभार, त्याचे प्रमाण आणि तो पडद्यावर किती वेळ टेकून राहिला, यांवर ठरते. प्राण्यांवरील प्रयोगांत 1 मायक्रॉनचे कण पार गेले, 3 मायक्रॉनचे अडले. अर्थात त्या प्राण्यांचा पडदा आपल्यापेक्षा कितीतरी पातळ असतो, तेव्हा ते आकडे जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत.

कान पिकला, की सुरुवातीला पडदा अधिक झिरपू लागतो. दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले, की तो जाड होतो आणि झिरपणे मंदावते. आमच्या वरवट बकालच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात, माठावर पांढरा खार चढतो आणि पुढे तो पाणी गार करीनासा होतो, काहीसे तसेच. पण पडदा जाड झाला म्हणून निर्धास्त होऊ नये. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानातले विषारी द्रव्य थोडे थोडे आत पोचू शकतेच.

आत आहेत ऐकण्याच्या रोमपेशी, एका कानात साधारण 15,000. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोल खिडकी नेमकी शंखाच्या बुडाशी आहे आणि तिथे बारीक, उंच आवाज टिपले जातात. म्हणून घात आधी तिथे होतो. स्वर ऐकू येतात, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. मग माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण काय म्हणता ते समजत नाही." शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य फार भेडसावते.

1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयाचे रोगी वाचू लागले, पण काहींचा तोल गेला, काहींचे कान गेले. ते औषध रक्तावाटे पोचत होते. त्याच कुळातील जेंटामायसिन आणि निओमायसिन कानात घालण्याच्या थेंबांतही असतात. बाहेरचा पडदा शाबूत असेल तर थेंब बाहेरच राहतात. त्याला भोक असेल तर ते थेट या दुसऱ्या पडद्यावर जाऊन बसू शकतात. प्रत्येकाचा कान जातोच असे नाही, पण धोका खरा आहे. म्हणूनच अशा कानासाठी डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब पसंत करतात. या कुळाची इंजेक्शने शरीराबाहेर पडतात ती मूत्रपिंडावाटे. आमच्या भागात मूत्रपिंडाचे रोगी पुष्कळ; त्यांनी इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना आपला आजार आवर्जून सांगावा.

याच झिरपण्याचा उपयोगही होतो. घेरी आणणाऱ्या मेनिएर रोगावर हॅरॉल्ड शुकनेक्ट यांनी 1950 च्या दशकात मधल्या कानातूनच औषध दिले. अचानक बहिरेपणा आला, तर आज स्टेरॉइडचे इंजेक्शन बाहेरच्या पडद्यातून मधल्या कानात देतात. मग रोग्याला कान वर करून काही वेळ निजवतात, बोलू-गिळू नको म्हणतात. औषध गोल खिडकीवर टिकावे म्हणून. या आजारात दिवस मोजून असतात. 'उद्या पाहू' म्हणू नये. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटची तारही पुष्कळदा याच खिडकीतून शंखात सरकवतात. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने हे या शस्त्रक्रियेतले मोठे नाव. त्यांना 2014 साली पद्मश्री मिळाली.

घरी आपल्याला बाहेरच्या पडद्यालाही भोक आहे की नाही ते दिसत नाही, आतला पडदा तर दूरच. म्हणून कान वाहत असेल तर लसूण कढवलेले तेल नको, आईचे दूध नको, शेजाऱ्याची उरलेली बाटली नको. "कानाचे ड्रॉप्स द्या," एवढेच म्हणून दुकानातून आणलेले औषधही नको. बाहेर आलेला पू स्वच्छ कापडाने टिपा, आंघोळीचे पाणी आत जाऊ देऊ नका आणि खामगाव-अकोल्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला कान दाखवा. लेकराचा कान फुटला तर 'मोठेपणी बरा होईल' म्हणून वाट पाहू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)