शिशाचा शोध प्रकाशाने

शिसे हे मोठे फसवे विष आहे. पाण्यात उतरले तरी पाण्याचा रंग पालटत नाही, वास येत नाही, चवही कळत नाही. पण लहान मुलाच्या पोटात गेले की ते हाडांत घर करते आणि वाढत्या मेंदूला इजा पोहोचवते. म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरात अवघा एक दशांश ग्रॅम! एवढेसे मोजायचे कसे?

स्टोव्हच्या ज्योतीत मिठाचा कण पडला की ज्योत पिवळी होते. तो रंग सोडियमचा. प्रत्येक धातूचा असा स्वतःचा प्रकाश असतो. आणि जो प्रकाश तो देतो, तोच तो गिळतोही. हे १८५९ साली किर्खहॉफने दाखवून दिले. तरीही पुढे बराच काळ रसायनज्ञ प्रामुख्याने बाहेर पडणारा प्रकाशच मोजत राहिले. ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श ह्यांच्या १९५२ साली ध्यानात आले, की ज्योतीत उजळणारे अणू अगदी थोडे. बाकीचे सारे गप्प बसलेले. मग त्या गप्प बसलेल्यांनाच का मोजू नये? १९५५ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली.

रीत अशी. शिशाच्याच दिव्यातून शिशाचा प्रकाश सोडायचा. त्याच्या वाटेत ज्योत ठेवून तीत पाण्याचे तुषार उडवायचे. पाणी उडून जाते, क्षार फुटतात, अणू सुटे होतात. त्यांतले शिशाचे अणू आपला प्रकाश गिळतात. तांबे, जस्त ह्यांना त्याचे सोयरसुतक नसते. तांबे मोजायचे तर दिवाही तांब्याचा लागतो. प्रकाश किती घटला हे पाहून, ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून उत्तर काढतात. अत्यल्प शिशासाठी मात्र ज्योत अपुरी पडते, कारण तीत अणू क्षणात उडून जातात. तेथे ल्व्होव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाने सुचविलेली ग्रॅफाइटची तापती नळी वापरतात. ती अणूंना जरा थोपवून धरते; एक थेंबही पुरतो.

पण धूळ, काचेची भांडी, आम्ल ह्यांतूनही शिसे नमुन्यात शिरते. म्हणून प्रत्येक वेळी निव्वळ शुद्ध पाण्याचीही तशीच परीक्षा करून तो आकडा वजा करावा लागतो. हे न केल्यास यंत्र उत्तम असूनही उत्तर खोटे ठरते.

ह्या आकड्यांचे मोल काय? अमेरिकेत १९७६ ते १९८० ह्या काळात हजारो लोकांचे रक्त ह्याच तत्त्वाने तपासले. पेट्रोलमधील शिसे जसे घटले तसे रक्तातलेही उतरले, हे त्यातून दिसले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. पण पितळेच्या भांड्याच्या कल्हईत कथलाऐवजी शिसे मिसळले असेल, तर चिंचेच्या आमटीत ते आजही उतरेल. भांडे चकचकीत दिसेल, आमटी चवदार लागेल. डोळा आणि जीभ जेथे फसतात, तेथे साक्ष द्यायला मोजमापच हवे.