आधी लेकरं, आधी म्हातारी माणसं

क्विनॉल्ट नदी पॅसिफिक महासागराला मिळते, तिथे अगदी मुखाशी टाहोला नावाचे गाव आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले हे गाव क्विनॉल्ट आदिवासी राष्ट्राचे. ब्ल्यूबॅक नावाचा सामन मासा या नदीत येतो आणि त्याच्यावर इथल्या पिढ्या जगल्या. पाण्याला भिणारी ही माणसे नव्हेत. पण मार्च 2014 मध्ये समुद्राने गावापुढचा बांध फोडला आणि लाटा वस्तीत शिरल्या. याहून मोठे संकट जमिनीच्या पोटात आहे. 26 जानेवारी 1700 च्या रात्री या किनाऱ्यालगत प्रचंड भूकंप झाला. त्याने उठवलेली त्सुनामी जपानपर्यंत पोहोचली आणि तिथल्या जुन्या दप्तरांत तिची नोंद झाली, म्हणूनच आज आपल्याला ही तारीख सांगता येते. असा भूकंप पुन्हा होणार यावर भूवैज्ञानिकांचे एकमत आहे. कधी होईल, हे कोणालाच सांगता येत नाही. खालच्या गावात साडेसहाशेच्या आसपास माणसे राहतात.

क्विनॉल्ट राष्ट्राने गाव टेकडीवर हलवायचे ठरवले आणि 2017 मध्ये त्याचा पक्का आराखडा केला. नवी जागा जुन्या गावापासून जेमतेम अर्ध्या मैलावर. 2021 मध्ये तिथे पहिली इमारत उघडली, तिचे नाव ‘जनरेशन्स हाऊस’. एका छपराखाली पाळणाघर, हेड स्टार्ट या केंद्रीय योजनेचे शिशुवर्ग आणि वृद्धांचे केंद्र. न्यायालय आणि पोलीस ठाणे खालीच ठेवून या लोकांनी सर्वांत आधी आपली तान्ही मुले आणि आपली म्हातारी माणसे वर नेली.

आदिवासी बालसंगोपनाला आपत्तीनंतर मिळणाऱ्या निधीबद्दल लिहायला बसले की टाहोलाची ही इमारत मला पुन्हा पुन्हा आठवते. या निधीची बहुतेक कहाणी उशिराची आहे. टाहोलात मात्र संकट येण्याआधी काय वाचवायचे, हे ज्यांची मुले होती त्यांनीच ठरवले. निधी किती आला हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, पण तो कोणाच्या निर्णयाने खर्च झाला, हा त्याहून आधीचा आहे.

पैशाची वाट आधी समजून घेऊ. अमेरिकेत आपल्या अंगणवाडीसारखी गावोगाव पोहोचलेली एकच सरकारी योजना नाही. कमी उत्पन्नाच्या नोकरदार आईबापांच्या मुलांना सांभाळण्यासाठी 1990 च्या कायद्याने एक केंद्रीय निधी सुरू झाला. त्याला बालसंगोपन व विकास निधी म्हणू. तो राज्यांना मिळतो, तसा आदिवासी राष्ट्रांनाही थेट मिळतो. 2014 मध्ये कायद्याची फेररचना झाली आणि आदिवासींचा वाटा निदान 2 टक्के असावा, असे ठरले. ज्या राष्ट्रात 13 वर्षांखालची निदान 50 मुले आहेत त्याला स्वतंत्र अर्ज करता येतो. त्याहून लहान राष्ट्रे एकत्र येऊन संघ करतात. अमेरिकेत मान्यताप्राप्त आदिवासी राष्ट्रे पावणेसहाशेच्या आसपास आहेत आणि त्यांतली दोनशेहून अधिक अलास्कात, कित्येक तर आपल्या एखाद्या पाड्याएवढी. म्हणून ही संघाची सोय कागदावर वाटते त्याहून फार मोलाची आहे.

या निधीतली आणखी एक तरतूद वाचकाने ध्यानात ठेवावी. राज्यांना या पैशातून इमारत बांधता येत नाही. आदिवासी राष्ट्रांना केंद्राच्या मंजुरीने येते. कारण उघड आहे. राज्याने आईच्या हाती पाळणाघराचा खर्च भागवणारे प्रमाणपत्र दिले की ती शहरातल्या चार पाळणाघरांतून एक निवडते. आदिवासींसाठी राखलेल्या आरक्षित प्रदेशात निवडायला मुळात चार पाळणाघरेच नसतात. जे एक असते ते पुरात गेले की पुढचे कदाचित पन्नास मैलांवर.

पाळणाघराला या लोकांत इतके महत्त्व का, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली आणि आदिवासी मुलांना घरापासून तोडून, केस कापून, भाषा विसरायला लावून ‘सुधारण्याची’ रीत देशभर रुजली. केंद्राच्या अंतर्गत व्यवहार खात्याने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा 417 शाळांची नोंद आहे. तिथे मरण पावलेल्या निदान 973 मुलांची खात्री खात्याने केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ॲरिझोनातल्या हिला नदीकाठच्या आदिवासी भूमीवर जाऊन माफी मागितली. शाळा मागे पडल्या तरी मुले नेणे थांबले नव्हते. 1970 च्या दशकातल्या पाहण्यांनुसार 25 ते 35 टक्के आदिवासी मुले आईबापांपासून काढून दुसऱ्यांच्या घरी वा संस्थांत ठेवलेली होती. ते रोखण्यासाठी 1978 चा आदिवासी बालकल्याण कायदा करावा लागला.

ही आठवण घरोघरी ताजी आहे. ज्या आजीला तिच्या भाषेसाठी शाळेत मार बसला, तिनेच नातवाला त्या भाषेत झोपवायचे, तर तिला आणि त्या नातवाला एकत्र बसायला जागा हवी. आदिवासी पाळणाघर ही ती जागा आहे. आई कामावर जाते म्हणून मूल तिथे राहते, हे खरेच. पण पुरात पाळणाघर गेले की आईची मजुरी बुडते आणि भाषेचा एक वर्गही बंद पडतो. पहिल्या नुकसानीचा हिशेब करता येतो, दुसऱ्याला नोंदवहीत रकानाच नाही.

आता आपत्तीकडे. 1988 च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार मोठी आपत्ती राष्ट्राध्यक्षांनी जाहीर करायची आणि तशी विनंती राज्याच्या गव्हर्नरने करायची. आदिवासी राष्ट्राला स्वतःचे सरकार, स्वतःचे न्यायालय असले तरी मदतीसाठी गव्हर्नरच्या दारी जावे लागे. नवाहो राष्ट्राचा प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरला आहे. म्हणजे एकच वादळ आणि दारे तीन. सँडी चक्रीवादळानंतर 29 जानेवारी 2013 रोजी झालेल्या कायद्याने ही अट काढली आणि आदिवासी राष्ट्रांना थेट राष्ट्राध्यक्षांकडे मागणी करता येऊ लागली. 1 मार्चला पूर्वेकडच्या चेरोकी राष्ट्रासाठी अशी पहिली घोषणा झाली. पूर आणि दरडींनी त्यांचे नुकसान झाले होते. चारच दिवसांनी नवाहोंची पाळी आली, तिथे कडाक्याच्या थंडीने पाण्याचे नळ फुटले होते. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा प्वेब्लोला दोन घोषणा मिळाल्या. 2011 च्या लास कोंचास वणव्यात त्यांचे डोंगर बोडके झाले होते आणि पाऊस पडला की ते डोंगर गावाकडे वाहत येत.

हक्क मिळाला, पण उंबरठा उंच राहिला. सार्वजनिक मालमत्तेच्या मदतीसाठी राज्याचे नुकसान निदान 10 लाख डॉलर असावे, अशी अट असे. पाच-सातशे वस्तीच्या गावात सगळेच वाहून गेले तरी एवढा आकडा भरणे कठीण. केंद्रीय आपत्ती संस्थेने, म्हणजे फेमाने, आदिवासी राष्ट्रांसाठी 2017 मध्ये हा आकडा अडीच लाखांवर आणि डिसेंबर 2024 मध्ये 1 लाखावर आणला. ही सुधारणा कागदावर लहान दिसते. माझ्या मते ती 2013 च्या कायद्याइतकीच मोठी आहे. उरतो तो स्वतःचा हिस्सा. दुरुस्तीचा 75 टक्के खर्च साधारणपणे केंद्र देते, उरलेले 25 टक्के ज्याचे त्याने घालायचे. आरक्षित प्रदेशातली बहुतेक जमीन केंद्राच्या विश्वस्तपणाखाली, तिच्यावर मालमत्ता कर नाही. मग तो हिस्सा आणायचा कुठून?

खास बालसंगोपनासाठीचा आपत्ती निधी तर याहून सावकाश येतो, कारण त्याची कायमची थैली नाही. दर वेळी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पुरवणी तरतूद करायची. 2018 च्या चक्रीवादळांसाठी, वणव्यांसाठी आणि भूकंपांसाठीची तरतूद जून 2019 मध्ये झाली, 3 कोटी डॉलरची. 2023 आणि 2024 मधल्या आपत्तींसाठी 25 कोटी डॉलर मंजूर झाले ते 21 डिसेंबर 2024 रोजी. आकडा आठपटीहून वाढला, ही चांगलीच गोष्ट. पण 2023 च्या उन्हाळ्यात दोन वर्षांचे असलेले मूल तोवर तीन ओलांडून गेले होते. मंजुरीनंतर वाटप, मग अर्ज, मग बांधकामाचा छोटासा हंगाम. रस्ता दोन वर्षांनी झाला तरी तो रस्ताच असतो. पाळणाघर दोन वर्षांनी उघडले तर ज्या मुलासाठी ते मागितले होते, ते बालवाडीच्या वयाचे झालेले असते.

पंचनामा करणारा माणूस भिंती मोजतो, छप्पर मोजतो. पाळणाघर मात्र भिंतींपेक्षा सांभाळणाऱ्या बाईवर उभे असते. आदिवासी भागात कितीतरी मुले मावशी, आजी किंवा शेजारीण आपल्याच घरी सांभाळते आणि निधीतून तिला त्याचा मोबदला मिळतो. तिचे घर जळाले की एका कुटुंबाचा निवारा आणि पाच-सहा कुटुंबांचे पाळणाघर एकाच रात्री जाते. नोंद होते ती एका घराची. राहत्या घरासाठी तिला थोडी मदत मिळू शकते. पण तिचा व्यवसाय खासगी ठरतो आणि फेमाचे इमारत-दुरुस्तीचे पैसे सरकारी वा ना-नफा संस्थांसाठीच असल्याने तिच्यापुढे सवलतीच्या कर्जाचा रस्ता उरतो. महिना काढणे मुश्कील असलेली बाई कर्ज काढून इतरांची मुले सांभाळील, अशी अपेक्षा कोणी आणि का करावी?

याला उतारा नियमांतच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बालसंगोपन निधी चालवणाऱ्या आदिवासी यंत्रणेला आपत्तीत विस्थापित मुलांना ‘संरक्षणाची गरज असलेली मुले’ ठरवता येते. मग आईबापांच्या नोकरीची आणि उत्पन्नाची अट सैल होते. मुले पांगली म्हणून हजेरी नाही, तरी पटावरच्या नावांनुसार बाईंना पैसे देता येतात. कत्रिना चक्रीवादळानंतर नेमलेल्या राष्ट्रीय बाल-आपत्ती आयोगाने 2010 च्या अहवालात बालसंगोपनाचा विचार आपत्तीच्या आधीच करा, असे बजावले होते. 2014 च्या कायद्यात त्यासाठी आराखड्याची सक्ती आली. ज्या राष्ट्राने असा आराखडा संकटाआधी मन लावून केला, तिथे बाईंचे मानधन चालू राहते आणि बाई गाव सोडत नाही. इमारत पुन्हा बांधता येते, गेलेली बाई सहसा परत येत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये या साऱ्याची परीक्षा झाली. हालाँग नावाच्या वादळाचे अवशेष 12 तारखेला पश्चिम अलास्कावर आदळले. किपनक आणि क्विगिलिंगॉक ही युपिक लोकांची गावे पाण्याखाली गेली. माणसे आत असताना घरे पायावरून उचलली जाऊन वाहत गेली. शेकडो लोकांनी शाळांच्या इमारतींत आसरा घेतला. मग लष्करी विमानांतून त्यांना आधी बेथेलला आणि पुढे सुमारे 800 किलोमीटरवरच्या अँकरेजला नेले. विस्थापितांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. मोठी आपत्ती दहा दिवसांत जाहीर झाली. पण 25 कोटींचा निधी 2023 आणि 2024 मधल्या आपत्तींसाठी होता. तो या मुलांच्या कामाचा नव्हता. त्या दिवसांत केंद्र सरकारचे कामकाजही अर्थसंकल्पाच्या पेचात ठप्प होते. किपनकच्या नदीकाठची धूप थांबवण्यासाठी केंद्राच्या पर्यावरण संस्थेने दिलेले 2 कोटी डॉलरचे अनुदान त्याच वर्षी मे महिन्यात रद्द झाले होते. ते काम ऑक्टोबरपर्यंत उभे राहिलेच नसते, हे मान्य करायला हवे. पण आपला काठ वाचवायचा हा त्या गावाचा निर्णय होता आणि तो दूर बसून कोणीतरी खोडला.

विमानात बसणाऱ्या युपिक आज्यांना दुसरे एक दूर जाणे आठवले असेल. अलास्कात कित्येक पिढ्या गावात माध्यमिक शाळा नव्हती आणि पोरांना शेकडो मैल दूर निवासी शाळांत पाठवत. इमोनाक गावच्या मॉली हूच या युपिक मुलीच्या नावाने ओळखल्या गेलेल्या खटल्यात 1976 मध्ये तडजोड झाली आणि शंभराहून अधिक गावांत माध्यमिक शिक्षण येण्याची वाट मोकळी झाली. पन्नास वर्षांनी पुन्हा मुले गावाबाहेर. या वेळी आईबाप सोबत होते, एवढा दिलासा. अँकरेजच्या एका प्राथमिक शाळेत आधीपासून युपिक माध्यमाचे वर्ग चालत होते. विस्थापित मुलांतली काही त्या वर्गांत जाऊन बसली. चार वर्षांखालच्या मुलांसाठी अशी तयार जागा शहरात शोधणे फार अवघड. मदतीचा पैसा आला तर तो आधी तिथे जावा, असे मला वाटते. एखादी युपिक बोलणारी बाई, एक खोली आणि तिचे मानधन, किपनकची घरे उभी राहीपर्यंत. याला कोट्यवधी लागत नाहीत. लागते ते गावाच्या मंडळींना हा खर्च स्वतः ठरवण्याचे स्वातंत्र्य.

टाहोलाला नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने स्थलांतरासाठी अडीच कोटी डॉलर जाहीर केले. अलास्कातल्या न्यूटॉक आणि नापाकियाक या गावांनाही तेवढेच. सगळे गाव वर न्यायला ते पुरणारे नाहीत. जनरेशन्स हाऊस उघडले तेव्हा थोरल्या मुलांची शाळा खालच्या गावातच होती, त्सुनामीच्या वाटेत. टेकडीवरच्या शिशुवर्गातले मूल मोठे झाले की त्याला शिकायला पुन्हा समुद्राकडे उतरावे लागत होते.