चित्रावर सही नाही, मग त्याची किंमत कशी ठरते?

घर आवरताना जुन्या ट्रंकेत शाईने काढलेलं एक व्यक्तिचित्र सापडतं. कागद पिवळा पडलेला, सही कुठेच नाही. फोटो फॅमिली ग्रुपवर जातो. कुणी म्हणतं रद्दी, कुणी म्हणतं लाखोंचं असेल. फोटोवरून यातलं काहीच ठरत नाही.

चित्रकार कोण, हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, चित्र हाताने काढलंय की छापलेलं आहे? साधं भिंग पुरतं. एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई, विषय तिथेच संपला. हाताने काढलेली रेषा कमी-जास्त जाड होते, टाक थांबतो तिथे शाई साचते.

मग कागद उजेडासमोर धरायचा. जुन्या कागदात वॉटरमार्क असू शकतो. इंग्लंडच्या व्हॉटमन कागदात अनेकदा वर्षही असतं आणि कंपनी राजवटीत भारतीय चित्रकारही हा कागद वापरत. वॉटरमार्क 1820 चा असेल तर चित्र त्याआधीचं असूच शकत नाही. नंतरचं मात्र कितीही असू शकतं! अतिनील प्रकाशात कागद निळसर चमकला, तर तो बहुधा 1950 च्या आसपासचा किंवा नंतरचा.

पण जुना कागद म्हणजे जुनं चित्र नव्हे. एरिक हेबॉर्न या ब्रिटिश चित्रकाराने जुना कागद मिळवून, जुन्या पद्धतीने शाई बनवून इटालियन चित्रकारांच्या नावावर खपतील अशी रेखाटनं केली. ती मोठ्या संग्रहालयांनी घेतली. 1978 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले तज्ज्ञ कॉनराड ओबरहुबर यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडचं एक रेखाटन आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतलं दुसऱ्याच चित्रकाराचं रेखाटन एकाच प्रकारच्या कागदावर आहे. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून आलेली. पुढे हेबॉर्नने स्वतःच कबुली दिली.

म्हणून चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, याचा माग महत्त्वाचा. चित्रामागची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचं लेबल, आजोबांचं पत्र, जुनी पावती यातलं काहीही फेकू नये. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘अमुक चित्रकाराचं’ आणि ‘अमुकच्या शैलीतलं’ या दोन शब्दप्रयोगांनी किमतीत प्रचंड फरक पडतो. तो या कागदपत्रांवरही ठरतो.

मोठं नाव निघालं तर? 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस अशा काही चित्रकारांच्या कामाला वयाची अटही नाही. म्हणजे विक्री भारतातच.

तोवर लॅमिनेशन, सेलोटेप आणि ओलं फडकं, तिन्ही लांब ठेवा. लोहयुक्त जुनी शाई पाण्याने पसरते.